गोधडी व ठिगळकाम

गोधडी व ठिगळकाम : जुनी, वापरून मऊ झालेली वस्त्रे एकावर एक पसरून ती धावदोऱ्याच्या टाक्यांनी सलग शिवली असता जे अंथरूण वा पांघरूण तयार होते, त्यास गोधडी म्हणतात. वस्त्राच्या फाटलेल्या किंवा विरलेल्या जागी दुसऱ्या कापडाचा तुकडा लावून ती जागा बळकट करणे म्हणजे ठिगळकाम. ही दोन्ही कामे एकाच कौशल्याची दोन रूपे आहेत. दोहोंत दुरुस्ती उघड दिसते व ती लपविण्याचा प्रयत्न नसतो. या बाबतीत ती रफूकामाहून भिन्न ठरतात. रफूमध्ये मूळ कापडाच्या विणीप्रमाणे उभे-आडवे धागे सुईने भरून छिद्र बुजवितात आणि रफू ओळखू न येणे हीच त्याची कसोटी असते.

पश्चिम महाराष्ट्रात गोधडीला ‘वाकळ’ असेही म्हणतात. तान्ह्या मुलाच्या लहान व पातळ गोधडीस ‘दुपटे’ हे नाव आहे. चार पदरी पांघरुणास ‘चौघडी’ म्हणतात. संस्कृतमधील ‘कंथा’ हा शब्द साधू-बैराग्यांच्या ठिगळांच्या वस्त्राला उद्देशून वापरला जातो व बंगालमधील कांथा या शिवणप्रकाराच्या नावात तो टिकून राहिला आहे. जपानमध्ये याच जातीच्या कामास ‘साशिको’ आणि ठिगळांवर ठिगळे चढलेल्या वस्त्रांस ‘बोरो’ म्हणतात. अलीकडे भारतातील शहरांत साशिकोचे शिक्षण घेणाऱ्यांची संख्या वाढत आहे. त्यामुळे या दोन परंपरांचा एकत्र विचार करणे उपयुक्त ठरते.

ऐतिहासिक आढावा : चिंध्या जोडून वस्त्र करण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून केलेले चीवर वापरावे, असा विनयाचा दंडक होता. अशा कापडास ‘पांसुकूल’ म्हणजे धुळीत पडलेले वस्त्र म्हणत. मगधातील बांधाबांधांनी विभागलेली भातशेती पाहून बुद्धाने चीवराची रचना तशी करण्यास सुचविले व आनंदाने ती सिद्ध केली, अशी कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. कापड तुकड्यांत कापल्यामुळे त्याचे बाजारातील मोल नाहीसे होई व भिक्षूच्या मनात त्याविषयी लोभ राहत नसे. बौद्ध धर्माबरोबर ही रचना चीनमार्गे जपानमध्ये गेली. तेथे या वस्त्रास ‘केसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘काषाय’ या शब्दावरून आलेला आहे. नारा येथील शोसोइन या भांडारात सम्राट शोमू याच्या मृत्यूनंतर, ७५६ मध्ये, अर्पण केलेले केसावस्त्र जतन केलेले असून त्यात विविध रंगांचे अनियमित तुकडे एकमेकांवर ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवलेले आहेत. उघड्या दुरुस्तीचे शास्त्र जपानकडून शिकावे असे आज ज्यांना वाटते, त्यांनी या परंपरेची एक शाखा भारतातूनच तिकडे गेली, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

महाराष्ट्रात ठिगळांच्या वस्त्राला वैराग्याचा अर्थ अलीकडच्या काळापर्यंत होता. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र असे. त्यामुळे लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत. मात्र लौकिक व्यवहारात ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्हच मानले गेले. मराठीत ‘ठिगळ लावणे’ याचा अर्थ तात्पुरती व बेढब डागडुजी करणे असा होतो आणि आभाळ फाटल्यास ठिगळ कोठे लावावे, या म्हणीत ठिगळाच्या मर्यादेवरच बोट ठेवले आहे.

कापड हाताने विणले जात असे तोपर्यंत ते महाग होते व त्याचा प्रत्येक तुकडा जपला जाई. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढील काळात गिरण्यांचे कापड खेड्यापाड्यांत पोहोचले व गोधडीसाठी लागणारी जुनी लुगडी-धोतरे सामान्य घरांतही साठू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९४३ मध्ये भारतात सुती कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रण आले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारने असलेले कपडे दुरुस्त करून वापरण्याविषयी एक पुस्तिका काढली. टंचाईच्या काळात ठिगळकाम हा घरगुती प्रश्न न राहता शासनाच्या विचाराचा विषय होतो, याचे हे उदाहरण होय.

मुळशी परिसर : पुण्याच्या पश्चिमेस सु. २० किमी. वर पौड रस्त्यावर असलेले पिरंगुट हे मुळशी तालुक्यातील गाव मावळाच्या तोंडाशी वसलेले आहे. येथून पश्चिमेकडे ताम्हिणी घाटापर्यंत पावसाचे प्रमाण झपाट्याने वाढत जाते. आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट व रात्री गार असतात. शेतात पावसापासून संरक्षणासाठी घोंगडी व इरले वापरीत, कारण लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब देते. सुती गोधडी मात्र पाणी शोषून जड होते व लवकर वाळत नाही. म्हणून गोधडी हे सर्वस्वी घरातील वस्त्र राहिले.

या हवामानामुळे गोधडीच्या वर्षाला एक ठरावीक क्रम आला. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असताना अंगणात किंवा ओसरीवर गोधड्या शिवावयाच्या, पावसाळाभर त्या वापरावयाच्या आणि भाद्रपद संपताना, नवरात्रातील घटस्थापनेपूर्वी, घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर वा ओढ्यावर नेऊन धुवावयाची, ही रीत पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ओली गोधडी इतकी जड होते, की ती पिळण्यास दोन माणसे लागतात. ती दगडावर आपटतात, पायांनी तुडवितात व खडकावर पसरून वाळवितात. ही वार्षिक धुलाई गोधडीच्या शिवणीची खरी परीक्षा असते. विरळ किंवा सैल टाक्यांच्या गोधडीतील थर सरकून त्यांचे गोळे होतात. दाट व समान टाक्यांची गोधडी मात्र अनेक वर्षे सपाट राहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिरंगुट परिसरात कारखाने आले, वस्ती वाढली आणि पुण्याशी दैनंदिन दळणवळण सुरू झाले. सोलापुरी चादरी व यंत्रनिर्मित ब्लँकेटे स्वस्तात मिळू लागली. उन्हाळ्यातील मोकळा वेळही नोकरीच्या पाळ्यांनी घेतला. गोधडी मागे पडण्यास हे बदल कारणीभूत झाले.

साहित्य व रचना : गोधडीसाठी सुती लुगडी, साड्या व धोतरे सर्वांत उत्तम समजतात. अनेकदा धुतल्याने त्यांतील खळ गेलेली असते, आकसण्याचे राहिलेले नसते व धागे मऊ झालेले असतात. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८·२ मी. व रुंदी सु. १·२ मी. असते. त्याची चौपदरी घडी केली असता सु. २ मी. लांब व १·२ मी. रुंद असा चार थरांचा पट मिळतो, म्हणजेच एका लुगड्यात एका माणसाचे पांघरूण होते. चौघडीचे माप असे वस्त्राच्या मापातूनच निघालेले आहे. थंडीसाठी थर वाढवितात. फाटकी व लहान कापडे मधल्या थरांत घालतात, तर चांगल्या राहिलेल्या काठ-पदरांचा उपयोग वरच्या बाजूस व कडेला करतात.

सपाट जमिनीवर तळाचे कापड ताणून पसरतात व कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंट्यासारखी जड वस्तू ठेवतात. त्यावर थर रचून, सुरकुत्या बाहेरच्या बाजूस काढून मोठ्या टाक्यांनी सर्व थर टाचून घेतात. नंतर कडा आत दुमडून चारी बाजू शिवतात व त्या शिवणीस समांतर असे एकात एक चौकोन शिवीत मध्याकडे जातात. दोन ओळींत साधारणपणे एक ते दोन बोटांचे अंतर राखतात. काही ठिकाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी घालतात. दाभण किंवा मोठी सुई व जाड सुती दोरा एवढीच साधने लागतात.

गोधडीतील ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे येते. टाके फार घट्ट ओढले तर थर दाबले जाऊन हवेस जागा राहत नाही व कापडाला चुण्या पडतात. ते फार सैल असतील तर थर सरकतात. योग्य ताण हा या शिवणकामाचा गाभा असून तो केवळ सरावानेच हातात येतो.

इतर भारतीय प्रकार : उत्तर कर्नाटकात गोधडीस ‘कौदी’ म्हणतात. उत्तर कन्नड, धारवाड व बेळगाव या जिल्ह्यांतील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या करतात. त्यांत तळाच्या साडीच्या कोपऱ्यापासून आरंभ करून रंगीत तुकडे दुमडून लावीत व शिवीत कडेने मध्याकडे येतात. ठिगळ लावणे व थर शिवणे ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच वेळी होतात. चारही कोपऱ्यांवर एकावर एक त्रिकोणी तुकडे बसवून ‘फूल’ करतात व त्यावाचून गोधडी अपुरी मानतात. बंगालमधील कांथा व बिहारमधील सुजनी यांत धावदोऱ्याने फुले, प्राणी व प्रसंग चितारलेले असतात. राजस्थान, गुजरात व सिंधमधील रल्ली हीदेखील याच कुळातील आहे. महाराष्ट्रातील गोधडीत चित्रकामाऐवजी रंगीत तुकड्यांची मांडणी व टाक्यांच्या ओळी यांवर भर असतो. [⟶ भरतकाम].

साशिको व बोरो : ‘साशिको’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘बारीक टोचे’ असा आहे. होन्शू बेटाच्या उत्तरेकडील तोहोकु प्रदेशात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी अंबाडीसारख्या तंतुवनस्पतींपासून विणलेले जाडेभरडे कापड वापरीत. ते विरळ असल्यामुळे वाऱ्याला अडवीत नसे. एदो काळात (१६०३–१८६८) निरनिराळ्या वर्गांनी कोणते कापड वापरावे, याविषयी कडक निर्बंध होते. त्सुगारू संस्थानाने १७२४ च्या आदेशान्वये शेतकऱ्यांना सुती वस्त्रे वापरण्यास बंदी केली होती. ओसाकाहून येणाऱ्या व्यापारी जहाजांतून जुन्या सुती कापडाचे तुकडे उत्तरेस येत व त्यांना चांगली मागणी असे. या जाड्याभरड्या कापडात सुती दोरा भरून त्याची छिद्रे बुजविणे व ऊब वाढविणे, या गरजेतून तेथील शिवण विकसित झाली.

त्सुगारू भागातील ‘कोगिन’ प्रकारात गडद निळ्या कापडावर पांढऱ्या सुताने उभ्या धाग्यांची विषम संख्या मोजून टाके घालतात. शेजारच्या नांबू भागातील ‘हिशिझाशी’ प्रकारात ही संख्या सम असते. या लहानशा फरकामुळे दोहोंतील शंकरपाळ्यासारख्या आकृत्यांचे प्रमाण बदलते. इतर ठिकाणी कापडावर रेषा आखून त्यांवरून शिवतात. भांगेचे पान, समुद्राच्या लाटा व एकमेकांत गुंतलेली वर्तुळे ही त्यांतील नेहमीची रेखाटने होत. शहरांतील अग्निशामक अनेक पदरी साशिको अंगरखे पाण्यात भिजवून घालीत. थर घट्ट शिवल्यामुळे कापड पाणी धरून ठेवी आणि आगीपासून संरक्षण मिळे.

‘बोरो’ म्हणजे चिंध्या झालेले वस्त्र. पिढ्यान्पिढ्या ठिगळे लावून वापरलेल्या अशा वस्त्रांची त्यांच्या मालकांना लाज वाटे व सुबत्ता आल्यावर बरीचशी नष्ट करण्यात आली. आओमोरी प्रांतातील संशोधक तानाका चूझाबुरो (१९३३–२०१३) यांनी ती गावोगाव फिरून जमविली. त्यांनी जमविलेल्या साशिको वस्त्रांपैकी ७८६ नगांना १९८३ मध्ये जपान सरकारने महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. त्यांचा संग्रह २००९ ते २०१९ या काळात टोकिओतील आसाकुसा भागातील एका संग्रहालयात प्रदर्शित होता. तत्पूर्वी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यानागी सोएत्सू यांच्या लोककला चळवळीने कोगिनकडे जाणकारांचे लक्ष वेधले होते.

शिक्षणाचा क्रम : गोधडीचे शिक्षण पारंपरिक रीतीने स्वतंत्रपणे दिले जात नसे. शिवावयास बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सुईत दोरा ओवून देणे, हे मुलांचे पहिले काम. पुढे टाचण घालणे, मग मधल्या भागातील ओळी व हात बसल्यावर कडा, असा क्रम असे. जेथे चूक झाकली जाईल तेथे नवशिक्याने शिवावे व जेथे सर्वाधिक झीज होते तेथे जाणत्याने, हे त्यामागील तत्त्व होय.

आज हे काम नव्याने शिकणाऱ्याने कापडाच्या परीक्षेपासून आरंभ करावा. विरलेली जागा उजेडासमोर धरली असता झिजेचा खरा विस्तार दिसतो. तो छिद्रापेक्षा बराच मोठा असतो. ठिगळ नुसत्या छिद्राएवढे लावल्यास ते कमकुवत धाग्यांवर शिवले जाते व थोड्याच दिवसांत त्याच्या कडेने कापड पुन्हा फाटते. म्हणून ठिगळ धडक्या भागावर सर्व बाजूंनी निदान दोन-तीन सेंमी. जावे. ठिगळाचे कापड मूळ कापडाइतकेच किंवा किंचित अधिक मऊ असावे व ते आधी धुऊन घ्यावे, नाही तर पहिल्याच धुण्यात ते आकसून भोवतालचे कापड ओढते. त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळवून ठेवावेत. तिरके ठिगळ ताणले जाऊन फुगते. कोपरे किंचित गोल केल्यास ताण एका बिंदूवर एकवटत नाही. दोरा कापडाहून अधिक बळकट नसावा, कारण ताण पडल्यास दोरा तुटणे बरे, कापड कापले जाणे वाईट.

साशिकोत टाक्याची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी असून वरचा टाका व खालचे अंतर यांचे प्रमाण सामान्यतः ३ : २ असे राखतात. लांब सुईवर एकाच वेळी अनेक टाके घेऊन मग दोरा ओढतात. या वेळी सुई बहुधा स्थिर असते व कापड तिच्यावर पुढे-मागे हलविले जाते. तळहातावर धातूची चकती असलेले अंगुस्तान असते व त्याने सुई ढकलतात. प्रत्येक ओळ झाल्यावर बोटांनी टाके हलके ओढून कापड सपाट करतात आणि ओळ वळते तेथे मागील बाजूस दोऱ्याचा लहानसा सैल फास ठेवतात, म्हणजे धुतल्यावर चुणी पडत नाही. जेथे अनेक ओळी एकत्र येतात, तेथे मध्यबिंदू मोकळा सोडतात. गोधडी शिवणाऱ्या हाताला यांतील बहुतेक गोष्टी परिचित आहेत. फरक मुख्यतः आखणीच्या काटेकोरपणाचा व धागे मोजण्याचा आहे.

सद्यःस्थिती : गोधडीच्या ऱ्हासाची कारणे केवळ आवडीनिवडीची नाहीत. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीमुळे जुन्या लुगड्याला घराबाहेर किंमत आली. पोलादी भांड्यांचा प्रसार झाल्यावर हा विनिमय वाढला व जे कापड गोधडीत जावयाचे, ते जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊ लागले. १९७० नंतरच्या दशकांत कृत्रिम धाग्यांच्या साड्या सर्वत्र पसरल्या. त्या घाम शोषत नाहीत, थरांत निसरतात व लवकर विरत नाहीत. परिणामी जुने पण मऊ सुती कापड मिळणेच कठीण झाले. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील बहुसंख्य गिरण्या पूर्वस्थितीवर आल्या नाहीत आणि कापडाचा बाजार यंत्रमागांकडे व कृत्रिम धाग्यांकडे अधिकाधिक झुकला.

दुसरीकडे, टाकून दिलेल्या कापडाचा प्रश्न जगभर गंभीर झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने जगातील वार्षिक वस्त्रकचऱ्याचा अंदाज सु. ९ कोटी २० लाख टन असा दिला आहे. या पार्श्वभूमीवर दुरुस्तीच्या कलेकडे नव्याने पाहिले जात आहे. पुण्यासह अनेक शहरांत गोधड्या शिवून देण्याचे व्यवसाय सुरू झाले असून वडीलधाऱ्यांच्या साड्यांची गोधडी आठवण म्हणून करवून घेण्याची प्रथा रूढ होत आहे. बाळंतविड्यात दुपट्याचे स्थान अद्याप टिकून आहे.

या पुनरुज्जीवनात एक विसंगती दिसते. साशिको हे शहरी ग्राहकास परदेशी कला म्हणून मोलाचे वाटते. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला मात्र तसा भाव मिळत नाही. एका दाट शिवणीच्या गोधडीस अनेक दिवसांचे काम लागते व ते घरकामाचा भाग मानले गेल्यामुळे त्याचा हिशेब कधी ठेवला गेला नाही. बोरो व गोधडी या दोहोंचा उगम टंचाईत आहे. त्यांच्या सौंदर्याचे कौतुक करताना त्या टंचाईचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. पण टंचाईने जे ज्ञान निर्माण केले, ते टंचाईबरोबर टाकून देण्याचेही कारण नाही. कोणते कापड कोणत्या कापडास धरून राहील, झीज कोठून सुरू होते व टाक्याला किती ताण द्यावा, हे ज्ञान लिखित स्वरूपात फारच थोडे आहे. ते प्रामुख्याने वयस्क स्त्रियांच्या हातात आहे. संग्रहालयात ठेवलेल्या गोधडीवरून तिची रचना समजते, परंतु तिचा ताण समजत नाही. तो शिवणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो. त्यामुळे जुन्या गोधड्यांच्या जतनाइतकेच, ज्यांना त्या शिवता येतात त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकण्याची सोय होणे महत्त्वाचे आहे.